खालच्या आकाशाची राखण

वसईच्या किल्ल्याला पोर्तुगिजांनी भक्कम तट बांधले होते. त्यांची भिस्त तटावरच्या तोफांवर आणि समुद्रमार्गे येणाऱ्या रसदेवर होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजांनी त्याच तटाच्या पायाखाली सुरुंग पेरले, बुरुज उडवले आणि किल्ला शरण आला. तट मजबूत होता, तोफाही होत्या. परंतु ज्या दिशेने घाव येईल असे बांधणाऱ्याला वाटले नव्हते, त्याच दिशेने तो आला. संरक्षणाच्या इतिहासात हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांत पुन:पुन्हा घडलेली दिसते.

एकविसाव्या शतकात अशी दुर्लक्षित राहिलेली दिशा म्हणजे जमिनीला लागून असलेले आकाश. लढाऊ विमाने आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे उंच आकाशात वावरतात आणि त्यांच्यासाठी मोठी रडारे उभी असतात. त्याखालचा, झाडांच्या शेंड्यांपासून दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंतचा पट्टा दीर्घकाळ केवळ हेलिकॉप्टरांचा मानला गेला. आता तेथे ड्रोन आले आहेत. त्यामुळे हेलिकॉप्टरांचा ताफा, ड्रोन आणि हवाई संरक्षण हे कागदोपत्री तीन वेगळे विषय प्रत्यक्षात एकाच प्रश्नाच्या तीन बाजू झाल्या आहेत. भारताने या तिन्ही आघाड्यांवर आधुनिकीकरण हाती घेतले आहे. त्याचे धागे नाशिक, नागपूर व नवी मुंबईपर्यंत पोहोचतात आणि त्याची गरज पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यालाही आहे.

चेतक आणि चीता

भारतीय सैन्यदलांतील हलक्या हेलिकॉप्टरांची कहाणी दोन फ्रेंच बनावटींपासून सुरू होते. ‘अलुएत ३’ या हेलिकॉप्टरची निर्मिती हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने साठच्या दशकात परवान्याखाली सुरू केली, तेच ‘चेतक’. उंच डोंगरांत चालेल असे यंत्र भारताला हवे होते. त्या मागणीतून ‘लामा’ तयार झाले आणि सत्तरच्या दशकात ते ‘चीता’ या नावाने भारतात बनू लागले. २१ जून १९७२ रोजी ज्याँ बुले या फ्रेंच वैमानिकाने ‘लामा’ १२ हजार ४४२ मीटर उंचीवर नेऊन जागतिक विक्रम केला. इंजिन बंद पडल्यावर केवळ फिरत्या पात्यांच्या आधारे त्याने ते सुखरूप खाली आणले.

हा विक्रम नोंदवहीपुरता राहिला नाही. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले आणि सियाचीन हिमनदीवर भारतीय चौक्या उभ्या राहिल्या. तेव्हापासून या चौक्यांची जीवनरेखा चीता हेलिकॉप्टरांनीच सांभाळली. सहा हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळजवळ निम्मी असते. पात्यांना पुरेशी हवा मिळत नाही आणि इंजिनाची ताकदही घटते. साहजिकच सर्वांत उंच चौक्यांवर एका खेपेत जेमतेम वीस-पंचवीस किलो सामान पोहोचवता येते. रॉकेलचा एक डबा, औषधांची एक पेटी किंवा परतताना एक आजारी जवान, असा हा हिशेब असतो.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी लष्कराचे स्वतंत्र ‘आर्मी एव्हिएशन कोअर’ स्थापन झाले तेव्हाही त्याचा कणा हीच दोन हेलिकॉप्टरे होती. आज त्यांची मूळ रचना साठ वर्षांच्या आसपासची आहे. एकच इंजिन, हवामान दाखविणारे रडार नाही, स्वयंचलित उड्डाणाची सोय नाही. अशा स्थितीत ढग दाटून आले की वैमानिकाला स्वत:चे डोळे आणि अनुभव यांवरच विसंबावे लागते. १ ऑक्टोबर २०१४ रोजी बरेली येथे चीता कोसळून तीन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्करी वैमानिकांच्या पत्नी संघटित झाल्या आणि ही हेलिकॉप्टरे सेवेतून काढावीत, अशी मागणी घेऊन २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापर्यंत पोहोचल्या. संरक्षण खरेदीच्या क्लिष्ट भाषेत मांडला जाणारा प्रश्न त्यांच्या दृष्टीने सरळ होता. सकाळी उड्डाणाला गेलेला माणूस संध्याकाळी घरी येईल की नाही, एवढाच.

पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९७ हलक्या हेलिकॉप्टरांसाठी काढलेली निविदा डिसेंबर २००७ मध्ये रद्द झाली. दुसरी निविदा ऑगस्ट २०१४ मध्ये रद्द झाली. २०१५ मध्ये रशियाबरोबर २०० ‘कामोव्ह २२६’ हेलिकॉप्टरे भारतात बनविण्याचे ठरले, पण तेही प्रत्यक्षात उतरले नाही. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या स्वदेशी हलक्या उपयोगी हेलिकॉप्टरने ६ सप्टेंबर २०१६ रोजी पहिले उड्डाण केले; तथापि २०२५ संपेपर्यंत त्याची नियमित तुकडी उभी राहिलेली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने टेहळणीच्या २०० हेलिकॉप्टरांसाठी पुन्हा उत्पादकांकडून माहिती मागविली. त्यांपैकी १२० लष्करासाठी आणि ८० हवाई दलासाठी आहेत. म्हणजे २००७ साली जो आकडा कागदावर होता, जवळपास तोच अठरा वर्षांनी पुन्हा कागदावर आला.

कारगिलचा धडा

सशस्त्र हेलिकॉप्टरांची कथा यापेक्षा अधिक आशादायक आहे, परंतु तीही दीर्घ आहे. २८ मे १९९९ रोजी कारगिलच्या लढाईत हवाई दलाचे एक ‘एमआय-१७’ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील चौघे हुतात्मा झाले. मूलत: वाहतुकीसाठी बनविलेली ही हेलिकॉप्टरे त्यानंतर हल्ल्याच्या कामातून मागे घेण्यात आली. भारताकडे ‘एमआय-३५’ ही हल्ल्याची हेलिकॉप्टरे होती, पण त्या उंचीवर ती निरुपयोगी होती. उंचावर लढू शकेल असे हलके हेलिकॉप्टर स्वत:च बनवावे लागेल, ही जाणीव तेथून पक्की झाली.

त्याचा पाया आधीच घातला गेला होता. ‘ध्रुव’ने २० ऑगस्ट १९९२ रोजी पहिले उड्डाण केले होते आणि २००२ पासून ते सैन्यदलांना मिळू लागले. त्याचीच शस्त्रसज्ज आवृत्ती म्हणजे ‘रुद्र’. ध्रुवची यंत्रणा आणि नवे अरुंद शरीर यांतून ‘प्रचंड’ हे हल्ल्याचे हलके हेलिकॉप्टर साकारले. त्यात दोन वैमानिक एकामागे एक बसतात. ‘शक्ती’ हे त्याचे इंजिन फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत विकसित झाले आहे. २९ मार्च २०१० रोजी प्रचंडचे पहिले उड्डाण झाले. २०१५ मधील चाचण्यांत ते सियाचीन भागात सुमारे ४ हजार ८०० मीटर उंचीवर उतरले. ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूर येथे ते हवाई दलात रीतसर दाखल झाले. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंड हेलिकॉप्टरांसाठी ६२ हजार ७०० कोटी रुपयांचे करार झाले. त्यांपैकी ९० लष्कराला आणि ६६ हवाई दलाला मिळावयाची आहेत. करारानुसार पुरवठा तिसऱ्या वर्षापासून सुरू होऊन पाच वर्षे चालेल.

परदेशी यंत्रेही आली. हवाई दलाला २०१९ मध्ये ‘चिनूक’ ही अवजड वाहतुकीची आणि ‘अपाची’ ही हल्ल्याची हेलिकॉप्टरे मिळाली. लष्करासाठी २०२० मध्ये सहा अपाचींचा करार झाला, त्यातील पहिली तीन जुलै २०२५ मध्ये पोहोचली. नौदलाने २४ ‘सीहॉक’ मागविली आणि त्यांची पहिली तुकडी मार्च २०२४ मध्ये कोचीला कार्यान्वित झाली. मुंबईकरांना नौदलाच्या हेलिकॉप्टरांचा कुलाब्यातील तळ ‘आयएनएस शिक्रा’ या नावाने परिचित आहे. अनेक वर्षे तेथून उडणारी ‘सी किंग’ हेलिकॉप्टरे मात्र जुन्या पिढीची होती.

या प्रगतीला एक इशाराही जोडलेला आहे. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले आणि तिघांचा बळी गेला. त्यानंतर तिन्ही दलांची आणि तटरक्षक दलाची सर्व ध्रुव हेलिकॉप्टरे जमिनीवर ठेवावी लागली. लष्कराच्या व हवाई दलाच्या ध्रुवना पुन्हा परवानगी मिळाली ती मे महिन्यात. मधल्या चार महिन्यांत डोंगरातील चौक्यांचा भार पुन्हा जुन्या चीतांवर आणि भाड्याच्या नागरी हेलिकॉप्टरांवर पडला. सगळा ताफा एकाच बनावटीवर उभा असला, तर त्या बनावटीचा एक दोष सर्वांनाच जमिनीवर आणतो. आधुनिकीकरणाच्या हिशेबात ही बाब नेहमीच ध्यानी घेतली जाते असे नाही.

ड्रोनने बदललेले गणित

हेलिकॉप्टर जी कामे करते त्यांपैकी बरीच आता मानवरहित यंत्रे करू लागली आहेत. टेहळणी, तोफांच्या माऱ्याला दिशा देणे, थोडे सामान पोहोचविणे आणि प्रत्यक्ष हल्ला ही ती कामे. २०२० च्या नागोर्नो-काराबाखच्या युद्धात अझरबैजानने तुर्की ड्रोनांच्या साह्याने आर्मेनियाचे रणगाडे आणि हवाई संरक्षण यंत्रणा उद्ध्वस्त केल्या. युक्रेनच्या युद्धात तर काही हजार रुपयांच्या सुट्या भागांतून जुळविलेले ड्रोन कोट्यवधींच्या रणगाड्यांवर आदळू लागले.

हेलिकॉप्टरांचे काय करावे, यावर मात्र जगात एकमत नाही. जपानने डिसेंबर २०२२ मध्ये हल्ल्याची व टेहळणीची हेलिकॉप्टरे टप्प्याटप्प्याने काढून त्यांच्या जागी मानवरहित यंत्रे आणण्याचे ठरविले. अमेरिकी लष्कराने फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या टेहळणी हेलिकॉप्टरचा प्रकल्पच गुंडाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलंडने मात्र ९६ अपाची खरेदीचा करार केला. भारताचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे. हिमालयात जखमी जवानाला खाली आणण्याचे काम अद्याप ड्रोनकडून होत नाही, म्हणून हेलिकॉप्टर हवेच. परंतु पुढे काय दडले आहे हे पाहण्यासाठी वैमानिकाचा जीव पणाला लावण्याची गरज उरलेली नाही.

त्यानुसार रचनाही बदलते आहे. पूर्वी लष्करातील टेहळणीची मानवरहित विमाने तोफखान्याकडे होती. २०२१ मध्ये ती आर्मी एव्हिएशनकडे सोपविण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेकडून ३१ ‘एमक्यू-९बी’ ड्रोन घेण्याचा करार झाला. त्यांतील १५ नौदलाला आणि प्रत्येकी ८ लष्कर व हवाई दलाला मिळणार आहेत. पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये ड्रोन हाताळणारी स्वतंत्र पलटण असेल, अशी घोषणा लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी २६ जुलै २०२५ रोजी केली.

रडारचे क्षितिज

हेच ड्रोन शत्रूकडून आले तर काय, या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी खालचे आकाश पाहणे इतके कठीण का आहे, हे समजून घ्यावे लागते. रडारच्या लहरी साधारणत: सरळ रेषेत जातात, तर पृथ्वी गोल आहे. दहा किलोमीटर उंचीवरचे विमान दहा मीटर उंच रडारला तत्त्वत: चारशे किलोमीटरवरूनही दिसू शकते. पण तेच विमान पन्नास मीटर उंचीवरून आले, तर सुमारे चाळीस किलोमीटरच्या आत आल्याखेरीज ते क्षितिजावर उगवतच नाही. मध्ये टेकड्या किंवा इमारती असल्या तर हे अंतर आणखी कमी होते. ताशी दीडशे ते एकशे ऐंशी किलोमीटर वेगाने येणारे ड्रोन चाळीस किलोमीटर अंतर पंधरा मिनिटांच्या आसपास कापते. त्यातच ड्रोनचा आकार लहान, वेग मंद आणि शरीर बहुधा प्लास्टिकचे. पक्षी कोणता आणि ड्रोन कोणते, हे रडारला वेगळे ओळखावे लागते.

दुसरी अडचण खर्चाची. काही लाखांच्या ड्रोनवर काही कोटींचे क्षेपणास्त्र डागणे म्हणजे डास मारण्यासाठी तोफ उडविणे होय. शत्रूने शंभर ड्रोन सोडले तर आपली क्षेपणास्त्रे आधी संपतील. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियातील अबकैक येथील तेल प्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी झालेल्या हल्ल्याने महागडी संरक्षण व्यवस्थाही चकू शकते, हे जगाला दाखवून दिले. भारतात २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. हानी मर्यादित होती, पण लष्करी तळावर ड्रोनने झालेला हा देशातील पहिलाच हल्ला होता.

म्हणूनच हवाई संरक्षण एकाच शस्त्राने होत नाही. ते थरांनी बनते. सर्वांत बाहेरचा थर रशियन ‘एस-४००’चा. २०१८ च्या करारातील पाचपैकी तीन संच २०२५ च्या संघर्षापूर्वी भारतात आलेले होते आणि त्यांच्या सर्वांत लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा पल्ला ४०० किलोमीटर सांगितला जातो. त्याखाली इस्रायलच्या सहकार्याने बनविलेले, सुमारे ७० किलोमीटर पल्ल्याचे मध्यम टप्प्याचे क्षेपणास्त्र. त्याखाली सुमारे २५ किलोमीटर पल्ल्याचे स्वदेशी ‘आकाश’. मग खांद्यावरून डागावयाची क्षेपणास्त्रे आणि सर्वांत शेवटी तोफा.

जुनी तोफ, नवा डोळा

७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाल्यावर या थरांची खरी परीक्षा झाली. सरकारने दिलेल्या माहितीनुसार ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठविले. त्यांत तुर्की बनावटीचे ड्रोन होते. यातील अनेक ड्रोन नि:शस्त्र होते. भारतीय रडारांना जागे करून त्यांच्या जागा टिपणे, हाही त्यामागचा उद्देश असल्याचे सांगण्यात आले.

या रात्रींत सर्वाधिक चर्चा झाली ती नव्या क्षेपणास्त्रांइतकीच एका जुन्या तोफेची. ‘एल-७०’ ही ४० मिलिमीटरची स्वीडिश बनावटीची विमानवेधी तोफ साठच्या दशकापासून भारताकडे आहे. मिनिटाला अडीचशे-तीनशे गोळे डागणाऱ्या या तोफेचा मारा तीन-चार किलोमीटरपर्यंतच पोहोचतो. वेगवान विमानांपुढे ती कालबाह्य ठरली होती. भारत इलेक्ट्रॉनिक्सने तिला नवे विद्युत यंत्र, दिवसा-रात्री पाहणारा कॅमेरा, अंतर मोजणारा लेझर आणि आपोआप लक्ष्यामागे वळण्याची क्षमता दिली. ड्रोन हळू चालते आणि जवळ येते, त्यामुळे तोफेचा मर्यादित पल्ला येथे उणीव ठरला नाही. तिचा गोळा स्वस्त असल्याने खर्चाचे गणितही जुळले.

परंतु तोफेला नवा डोळा बसविणे पुरेसे नव्हते. कोणत्या तोफेने कोणत्या लक्ष्यावर मारा करावयाचा आणि आपलेच हेलिकॉप्टर चुकून लक्ष्य होणार नाही, हे ठरविणारी एक सामाईक व्यवस्था लागते. हवाई दलाची अशी व्यवस्था आधीपासून होती. लष्करासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर मार्च २०२३ मध्ये १ हजार ९८२ कोटी रुपयांचा ‘आकाशतीर’ करार झाला. निरनिराळ्या रडारांची चित्रे एकत्र करून प्रत्येक तुकडीला एकच चित्र दाखविणे हे तिचे काम. मे २०२५ मध्ये ही व्यवस्था हवाई दलाच्या जाळ्याशी जोडून प्रत्यक्ष वापरली गेली.

तोफ आणि चीता ही दोन्ही एकाच काळाची यंत्रे आहेत. तरीही एकाला नवे आयुष्य मिळाले आणि दुसऱ्याला मिळाले नाही. तोफेची नळी आजही तेवढीच उपयोगी आहे, उणीव होती ती दृष्टीची, आणि दृष्टी बाहेरून जोडता येते. हेलिकॉप्टरचे तसे नसते. चीताला नवे इंजिन बसवून ‘चीतल’ बनविले गेले, त्याचा लाभही झाला. पण सांगाडा, पाती आणि एकच इंजिन असण्याची जोखीम तशीच राहिली. कशाला नवे अवयव द्यावयाचे आणि कशाला निरोप द्यावयाचा, हा निर्णय वेळेवर घेणे म्हणजेच आधुनिकीकरण होय.

पुढचा टप्पाही आखला गेला आहे. एप्रिल २०२५ मध्ये कर्नूल येथे ३० किलोवॉट शक्तीच्या लेझरने ड्रोन पाडण्याची चाचणी यशस्वी झाली. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी ‘सुदर्शन चक्र’ मोहिमेची घोषणा केली. महत्त्वाची नागरी आणि लष्करी ठिकाणे २०३५ पर्यंत संरक्षक छत्राखाली आणणे हे तिचे उद्दिष्ट आहे. त्यानंतर आठच दिवसांनी शीघ्र प्रतिसाद क्षेपणास्त्र, अतिलघु पल्ल्याचे क्षेपणास्त्र आणि लेझर या तिघांची एकत्रित चाचणी झाली.

महाराष्ट्राचा वाटा

या साऱ्या उलाढालीत महाराष्ट्राचे स्थान मोक्याचे आहे. नाशिकच्या गांधीनगर तळावर २००३ पासून लष्करी वैमानिकांना युद्धोपयोगी हेलिकॉप्टर उड्डाण शिकविणारी प्रशाला आहे. मानवरहित यंत्रे चालविणाऱ्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षणही आता तेथे होते. जवळच देवळालीला तोफखान्याची प्रशाला आहे आणि ओझरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना.

नवी मुंबईत महापे येथे मुख्यालय असलेली ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केली. ‘थ्री इडियट्स’ चित्रपटातील उडते यंत्र त्यांचेच होते. जानेवारी २०२१ मध्ये या कंपनीला लष्कराकडून उंच डोंगरांत चालणाऱ्या टेहळणी ड्रोनचे कंत्राट मिळाले. नागपूरच्या ‘सोलर’ उद्योगसमूहाने ‘नागास्त्र-१’ हे आत्मघाती ड्रोन बनविले. सुमारे अर्धा तास हवेत राहणारे हे यंत्र लक्ष्य न सापडल्यास हवाई छत्रीने परत उतरविता येते. याच समूहाच्या ‘भार्गवास्त्र’ या लहान रॉकेटांच्या ड्रोनविरोधी यंत्रणेची चाचणी १३ मे २०२५ रोजी ओडिशातील गोपाळपूर येथे झाली. एकाच वेळी आलेल्या ड्रोनच्या थव्यावर अडीच किलोमीटरपर्यंत स्वस्तात मारा करणे हा तिचा हेतू. या उद्योगाची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी समूहाच्या नागपूरजवळील बाजारगाव येथील कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगारांना प्राण गमवावे लागले होते.

स्वदेशीची खरी कसोटी मात्र यंत्राच्या पोटात आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने परदेशी ड्रोनांच्या आयातीवर बंदी घातली, पण सुट्या भागांची आयात खुली ठेवली. चुंबके, बॅटऱ्या, छोट्या मोटारी आणि नियंत्रक चिप यांसाठी चीनवरचे अवलंबित्व त्यामुळे कायम राहिले. चिनी भागांच्या कारणावरून लष्कराने ४०० मालवाहू ड्रोनांचे करार रद्द केल्याचे वृत्त फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे आणि नवघर या पट्ट्यात साचे, यंत्रभाग आणि प्लास्टिकचे काम करणारे असंख्य लघुउद्योग आहेत. ड्रोनचा सांगाडा, पाती, जोडण्या आणि तारांचे संच हे अशा कारखान्यांच्या आवाक्यातले काम आहे. त्यासाठी मशिनपेक्षा अधिक आवश्यक असतात ती गुणवत्तेची प्रमाणपत्रे आणि नियमित मागणी. वर्षभरात एकदा मोठी ऑर्डर आणि मग दोन वर्षे शांतता, अशा परिस्थितीत लहान उद्योजक नवी गुंतवणूक करू धजत नाही.

तारापूरची शेजारी शहरे

हा विषय सीमेवरच्या राज्यांपुरता नाही, हे मे २०२५ मध्ये वसई-विरारकरांच्याही लक्षात आले. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्यासाठी केंद्राने केलेल्या वर्गवारीत पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संवेदनशील गटात महाराष्ट्रातील तीन ठिकाणे होती: मुंबई, उरण आणि तारापूर. वसई-विरार या तिघांपैकी दोहोंच्या मधोमध आहे. दक्षिणेला खाडीपलीकडे मुंबई आणि उत्तरेला लोकलने तासाभरात गाठता येईल अशा बोईसरजवळ तारापूर. तेथील अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि ते देशातील पहिले. १९७१ च्या युद्धातील काळोखाच्या रात्री मुंबई परिसरातील ज्येष्ठांना आठवतात. तेव्हा भीती उंचावरून येणाऱ्या बाँबफेकी विमानांची होती. आज समुद्रावरून लाटांना लागून येणाऱ्या छोट्या यंत्राचाही विचार करावा लागतो, आणि सपाट किनाऱ्याला अशा यंत्राचा पत्ता उशिरा लागतो.

जिल्ह्याचा हेलिकॉप्टरांशी असलेला संबंध मात्र अधिक जुना आणि दिलासा देणारा आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळात ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा भरकटत पालघर तालुक्यातील वडराईच्या किनाऱ्याला लागला आणि त्यावरील सर्व १३७ जणांची सुटका झाली. या बचावकार्यात दमणहून आलेल्या तटरक्षक दलाच्या चेतक हेलिकॉप्टरांचा वाटा होता. जे यंत्र निवृत्त व्हावे असे सर्वच म्हणतात, तेच वादळात धावून आले. त्याची उपयुक्तता त्यातून दिसते, तशीच त्याला पर्याय देण्यात झालेली दिरंगाईही दिसते.

नागरिकांची जबाबदारीही यात येते. लग्नसमारंभ, जत्रा किंवा किल्ल्याचे चित्रण करण्यासाठी ड्रोन उडविणे आता सर्रास झाले आहे. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आकाशाची हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी केलेली आहे. हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल भागात केंद्र सरकारची परवानगी लागते. याशिवाय तणावाच्या काळात पोलिसांचे मनाई आदेश निघतात. उड्डाणापूर्वी शासनाचा डिजिटल नकाशा पाहणे ही औपचारिकता नव्हे. अनोळखी ठिपका पडद्यावर दिसला की तो हौशी छायाचित्रकाराचा आहे की शत्रूचा, हे ठरविण्यात पहाऱ्यावरच्या माणसाची मोलाची मिनिटे खर्ची पडतात.

कालगणना हीच कसोटी

कारगिलमध्ये १९९९ साली जी गरज दिसली, ती पुरी करणारे हेलिकॉप्टर २०२२ मध्ये दाखल झाले. चीताच्या जागी नवे यंत्र आणण्यासाठी २००७ मध्ये चालू असलेली शोधाशोध २०२५ मध्येही संपली नव्हती. याउलट आकाशतीरचा करार २०२३ मध्ये झाला आणि दोन वर्षांत ती यंत्रणा रणांगणावर होती. पहिल्या दोन प्रकरणांत दोन दशके गेली आणि तिसऱ्यात दोन वर्षे. यातला फरक केवळ तंत्रज्ञानाचा नाही. नवे हेलिकॉप्टर बनविणे हे संगणक प्रणाली जोडण्यापेक्षा निश्चितच अवघड आहे. परंतु निविदा काढून रद्द करण्यात गेलेली वर्षे तंत्रज्ञानाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत.

ड्रोनच्या जगात यंत्राची नवी पिढी काही महिन्यांत येते. अशा वेळी दहा वर्षांच्या खरेदीप्रक्रियेतून मिळालेले शस्त्र हाती येईपर्यंतच जुने झालेले असेल. १५६ प्रचंड, २०० टेहळणी हेलिकॉप्टरे, ३१ एमक्यू-९बी आणि सुदर्शन चक्राचे छत्र या घोषणांचे मोल त्यांच्या आकड्यांवर ठरणार नाही. ठरलेल्या वर्षी ही यंत्रे सियाचीनच्या चौकीवर, जम्मूच्या तळावर आणि तारापूरच्या किनाऱ्यावर उभी असतील का, यावर ते ठरेल. तोपर्यंत हिमनदीवरच्या जवानासाठी रॉकेलचा डबा घेऊन निघणारा वैमानिक आपल्या वडिलांच्या पिढीच्या यंत्रातूनच उड्डाण करीत राहणार आहे.